ऐंशीव्या वर्षी नवी झडप?

आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागते ते विज्ञानातील संशोधनाचे. नाडी आम्हांला कळत नाही आणि औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकारही नाही. परंतु सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या गल्लीत हा भेद कोणी फारसा मानत नाही. रक्ताचे अहवाल, क्ष-किरणांची चित्रे घेऊन शेजारीपाजारी येतात आणि ‘यातले आम्हांला कळत नाही’ असे म्हणत आम्हीही ती पाहतोच.

दोन वर्षांपूर्वी संक्रांत झाल्यावर असेच एक आजोबा मुलाला घेऊन आले. वय ८३. उभी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्यामुळे ऐकू कमी येते, पण पाय खणखणीत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागे अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा घालण्याचा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. त्या वर्षी मात्र निम्म्या वाटेवरच दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि एका दुकानाच्या पायरीवर बसावे लागले. घरच्यांनी वयाला दोष दिला. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा निराळाच आवाज ऐकू आला. इको तपासणीच्या अहवालात लिहिले होते, ‘महाधमनीची झडप तीव्र अरुंद, रक्ताचा वेग सेकंदाला ४.५ मीटर.’ झडप बदलावी लागेल, पुण्याला किंवा हैदराबादला दाखवा, असा सल्ला मिळाला होता.

मुलाने विचारले, “सर, आपल्याकडे माणूस सरासरी सत्तर वर्षं जगतो म्हणतात. वडील तर त्र्याऐंशीचे. आता एवढा खर्च करून मिळणार किती वर्षं?”

आजोबांना एवढेच हवे होते, “काठ्यांच्या मागं चालता येईल का, तेवढं बघा.” नंदीध्वजांना आमच्याकडे काठ्या म्हणतात.

मुलाच्या प्रश्नात एक चूक दडलेली आहे आणि ती इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. पण आधी झडपेचे काम समजून घेऊ.

हृदयाच्या डाव्या निलयातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते. त्या दारावर तीन पाकळ्यांची झडप असते. निलय आकुंचन पावले की पाकळ्या उघडतात, सैलावले की मिटतात आणि रक्त मागे येत नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक, वर्षाला सुमारे पावणेचार कोटी आणि ८० वर्षांत जवळजवळ ३०० कोटी वेळा ही उघडझाप होते. पाकळीची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते. हा गुणाकार विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावा. शून्ये मोजताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

काही जणांच्या पाकळ्यांवर उतारवयात कॅल्शियमचे खडे साठतात. पूर्वी ही निव्वळ झीज मानली जाई. आता असे दिसून आले आहे की पाकळीतील काही पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, म्हणजे ही एक सक्रिय प्रक्रिया आहे. परिणाम मात्र तोच. पाकळ्या ताठ होतात आणि ३ ते ४ चौरस सेंटिमीटरचे दार आकसत एक चौरस सेंटिमीटरच्याही खाली जाते.

बागेला पाणी घालताना नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार वेगाने उडते. झडपेत हेच घडते. हा वेग ध्वनिलहरींनी बाहेरूनच मोजता येतो, आणि पुढची गंमत अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातील बर्नूलीच्या समीकरणाची आहे. दाबातील फरक म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे. रक्ताची घनता घनमीटरला १०६० किलोग्रॅम, तिचे निम्मे ५३०. एक मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १३३ पास्कल. ५३० ला १३३ ने भागले की जवळजवळ ४ येतात. म्हणून जगभरचे हृदयतज्ज्ञ एक सोपे सूत्र वापरतात. वेगाचा वर्ग करा आणि चाराने गुणा, की दाबातील फरक मिलिमीटर पाऱ्यात मिळतो. आजोबांच्या बाबतीत ४.५ चा वर्ग २०.२५ आणि चारपट ८१. महाधमनीत १२० चा दाब राखायचा तर ढोबळमानाने त्यांच्या निलयाला २०० पर्यंत दाब निर्माण करावा लागत होता, तोही प्रत्येक ठोक्याला. वेग सेकंदाला ४ मीटर किंवा अधिक असल्यास झडप तीव्र अरुंद समजली जाते. हा अडथळा दूर करणारे औषध अद्याप मिळालेले नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१६ ते २०२० या काळात भारतीयांचे जन्मवेळचे आयुर्मान ७० वर्षे होते. ‘जन्मवेळचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच वगळला जातो. समजा, दहा माणसे पुढील वयांत मरण पावली: ३, ५०, ६७, ७३, ७६, ७९, ८३, ८६, ८९ आणि ९४. आकडे काल्पनिक आहेत. बेरीज बरोबर ७००, सरासरी ७०. आता यांतील ८० ओलांडलेले चौघेच घ्या. त्यांची सरासरी ८८ येते. म्हणजे ज्याने ८० वा वाढदिवस पाहिला त्याच्यापुढे सरासरी आणखी ८ वर्षे होती. तिसऱ्या वर्षी गेलेल्या बालकाने सगळ्यांची सरासरी खाली ओढली, पण ८० च्या पुढच्या माणसाला त्याच्याशी काय कर्तव्य? सरासरी ७० आणि वय ८३ म्हणून ‘१३ वर्षे फुकटची मिळाली’ असे जे आपण हसत म्हणतो, ते गणित म्हणून चूक आहे. वर्गातील सरासरी गुण ५० असले म्हणून ६० गुण मिळवलेल्या मुलाला ‘तुझे उणे १० गुण उरले’ असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा प्रश्न असा मांडायला हवा: झडप अरुंद झालेल्या ८३ वर्षांच्या माणसाने ती बदलली तर काय होते, आणि नाही बदलली तर काय?

दुसऱ्या भागाचे उत्तर जुने आहे. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकन संशोधकांनी रुग्णांच्या नोंदी एकत्र करून दाखवले की लक्षणे दिसेपर्यंत हा आजार वर्षानुवर्षे गप्प असतो, पण एकदा ती दिसू लागली की उतार तीव्र होतो. छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाच, भोवळ येऊ लागल्यापासून तीन आणि हृदय थकून दम लागू लागल्यापासून दोन वर्षे. त्या रुग्णांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ६३ होते, हे ध्यानात ठेवावे. ऐंशीच्या पुढच्यांविषयी तेव्हा कोणाला विचारायचेही सुचले नव्हते.

कारण कृत्रिम झडपेचा जन्मच मुळी तरुणांसाठी झाला. १९६० साली अल्बर्ट स्टार हे शल्यविशारद आणि लोवेल एडवर्ड्स हे अभियंते यांनी पिंजऱ्यातील गोळीसारखी झडप यशस्वी करून दाखवली. आपल्याकडे झडपा बिघडत त्या प्रामुख्याने लहानपणीच्या घसादुखीमागून येणाऱ्या र्‍हुमॅटिक तापाने. तिशीतली बाई, शाळकरी मुलगा असे रुग्ण. त्यांच्यासाठी तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने स्वदेशी झडप बनवली. आधीचे नमुने फसले. शेवटी यशस्वी ठरलेली झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. धातूची चौकट, त्यात कलती होणारी प्लास्टिकची चकती आणि भोवती टाके घालण्यासाठी पॉलिएस्टर कापडाची कडी. हृदयात कापड असते हे ऐकून आमच्या आजोबांना फार बरे वाटले. “मग धागा आपलाच म्हणा की,” असे ते म्हणाले.

यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर औषध घ्यावे लागते आणि म्हातारपणी त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून केलेल्या झडपेला सहसा हे औषध जन्मभर लागत नाही, मात्र ती साधारण १० ते १५ वर्षांत खराब होऊ लागते. विशीतल्या मुलाला हा तोटा मोठा, ८३ वर्षांच्या माणसाला नगण्य. एकाच वस्तूचा दोष वय बदलल्यावर दोष राहत नाही.

खरी अडचण छाती उघडण्याची होती. उरोस्थी कापायची, हृदय काही काळ थांबवून रक्त यंत्रातून फिरवायचे. हे ऐंशीच्या घरात अनेकांना झेपत नाही, म्हणून पुष्कळांना शस्त्रक्रिया नाकारली जाई. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी मिटलेल्या छत्रीसारखी घडी केलेली झडप रक्तवाहिनीतून नेऊन फुग्याने जुन्या झडपेच्या आतच उघडली. हृदय न थांबवता, छाती न उघडता. तो रुग्ण ५७ वर्षांचा होता आणि शल्यविशारदांनी त्याची आशा सोडली होती. काही महिन्यांनी तो गेला, परंतु पद्धत जगली.

तिची खरी परीक्षा अमेरिकेतील पार्टनर या चाचणीत झाली. शस्त्रक्रिया झेपणार नाही असे ठरलेल्या ३५८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. सरासरी वय ८३, आमच्या आजोबांचेच. एका गटाला नवी झडप, दुसऱ्याला तोवरचे प्रचलित उपचार. २०१० साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: वर्षभरात दुसऱ्या गटातील शंभरांपैकी ५१ दगावले, झडपेच्या गटातील ३१. फरक २० चा. म्हणजे पाच जणांना झडप बसवली की वर्षअखेर एक जादा माणूस जिवंत. वैद्यकात इतका ठळक फरक क्वचितच दिसतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या महिन्यात मोठा पक्षाघात झालेल्यांचे प्रमाण झडपेच्या गटात शंभरात ५, तर दुसऱ्यात सुमारे १ होते. पाच वर्षांनंतर पाहिले तेव्हा मृतांची संख्या शंभरात ७२ आणि ९४ अशी होती.

हा ७२ चा आकडा ऐकून मुलगा म्हणाला, “मग उपयोग काय झाला?” आम्ही त्याला दुसऱ्या गटाचे ९४ दाखवले. शिवाय झडपेच्या गटातील निम्मे लोक अडीच वर्षांनंतरही हयात होते, दुसऱ्या गटातील निम्मे वर्ष पुरे होण्याआधीच गेले होते. बरे, हे सारे शस्त्रक्रियेस अपात्र ठरलेले, म्हणजे फुप्फुस, मूत्रपिंड असे काही ना काही आधीच बिघडलेले रुग्ण. झडप नवी बसली तरी बाकीचे शरीर तेच राहते. वर्षात गेलेल्या ३१ जणांपैकी अनेकांच्या बाबतीत झडप हा एकच प्रश्न नव्हता.

आमच्या नात्यातील एका आजींचे उदाहरण येथे आठवते. वय ८१, झडप तशीच अरुंद, पण मूत्रपिंडे थकलेली, स्मृती जवळजवळ गेलेली आणि अंथरूण धरून दोन वर्षे झालेली. तज्ज्ञांनी झडप न बदलण्याचा सल्ला दिला. नातेवाइकांतील काहींना हा वयावरून केलेला भेद वाटला. आम्हांला तो सल्ला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. तेथे निकष वयाचा नव्हताच. झडप बदलून त्या उठून बसल्या नसत्या.

शस्त्रक्रिया झेपणाऱ्यांचे काय? स्वीडनमध्ये देशातील सर्व हृदयशस्त्रक्रियांची नोंद ठेवली जाते. छाती उघडून महाधमनीची झडप बदललेल्या २३ हजारांहून अधिक रुग्णांची तुलना त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या सर्वसाधारण लोकसंख्येशी करून २०१९ साली असे दाखवण्यात आले की पन्नाशीच्या आतील रुग्ण समवयस्कांपेक्षा सरासरी ४.४ वर्षे कमी जगतात, तर ८० किंवा त्याहून अधिक वयाचे केवळ ०.४ वर्षे, म्हणजे पाच महिने कमी.

म्हाताऱ्यांना शस्त्रक्रिया तरुणांपेक्षा अधिक मानवते असा याचा अर्थ घ्यायचा का? विद्यार्थ्यांना येथे थांबवून विचारावे. आमच्या मते दोन कारणे आहेत. पहिले, पन्नाशीच्या माणसापुढे तीसपस्तीस वर्षे असतात, त्यातून चार गमावता येतात. ऐंशीच्या माणसापुढे आठच असतील तर गमावायला मुळात थोडीच असतात. दुसरे कारण निवडीचे. ऐंशीच्या पुढचे जे टेबलापर्यंत पोचतात ते आधीच पारखून घेतलेले, आपल्या समवयस्कांपेक्षा धडधाकट असतात. चादरी तपासताना डाग पडलेले नग बाजूला काढले आणि उरलेल्यांत शंभरापैकी ९८ निर्दोष निघाले, तर ते कौतुक मागाचे की तपासनिसाचे? एखाद्या रुग्णालयाने ‘ऐंशीवरील शंभरांपैकी पंचाण्णव सुखरूप घरी’ असे सांगितले तर नाकारले किती, हेही विचारायला हवे. चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडतात ते याचसाठी.

आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. हे आकडे अमेरिका-युरोपातील आहेत. तेथील ८३ वर्षांचा माणूस आणि सोलापुरातील ८३ वर्षांचा विणकर यांचा आहार, फुप्फुसांत गेलेला कापसाचा धुरळा, औषधोपचारांची सोय यांत फरक आहे. दिशा तीच राहील असे मानण्यास आधार आहे, नेमका आकडा उचलून आणू नये.

मग कोणाला झेपेल हे ओळखायचे कसे? हृदयाच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या सत्तरीवरील रुग्णांना नेहमीच्या गतीने ५ मीटर चालायला लावून २०१० साली एक अभ्यास झाला. ज्यांना ६ सेकंद किंवा अधिक लागले त्यांच्यात मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत यांचा धोका सुमारे तिप्पट आढळला. रुग्ण मोजकेच होते, तरी चालण्याच्या गतीने शरीराची एकूण शिल्लक कळते ही गोष्ट तज्ज्ञांनी उचलून धरली. खडू, मोजपट्टी आणि सेकंदकाट्याचे घड्याळ एवढ्यावर होणारी ही मोजणी शाळेतही करता येईल. मुलांनी आपापल्या आजी-आजोबांची गती मोजावी आणि वयाबरोबर आलेख काढावा. बिंदू किती विखुरलेले पडतात ते दिसले म्हणजे ‘ऐंशी’ या एका आकड्यात किती प्रकारची माणसे मावतात ते वेगळे शिकवावे लागणार नाही. मात्र त्यावरून कोणाच्या प्रकृतीचे निदान करू नये, ही सूचना आधी द्यावी.

आम्हीही त्या संध्याकाळी ओसरीवर खडूच्या दोन रेघा मारल्या. आजोबांनी साडेपाच सेकंद घेतले आणि टोकाला जाऊन धापा टाकत उभे राहिले.

पुढचे सारे तज्ज्ञांनी ठरवले. पुणे येथून अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. दोन फेऱ्या तपासण्यांतच गेल्या. मांडीतील धमनीतून झडप बसवायची असे ठरले. अशी झडप आता भारतातही बनते. गुजरातेतील वापीच्या मेरिल कंपनीची मायवाल ही झडप २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत दोन प्रचलित परदेशी झडपांच्या तुलनेत उणी ठरली नाही. तरीही खर्च कित्येक लाखांचा. कुटुंबाने दोन माग विकले. हा हिशेब कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात सापडत नाही, आणि तो चूक की बरोबर हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही.

झडप नीट बसली. तिसऱ्या दिवशी ठोके फार मंदावले. झडपेच्या शेजारूनच हृदयाच्या विद्युतसंदेशांची वाट जाते, आणि तिच्यावर दाब आला की असे होऊ शकते. पेसमेकर बसवावा लागला. मुक्काम चार दिवसांऐवजी दहा दिवसांचा झाला. महिन्याने इको पुन्हा केला तेव्हा वेग सेकंदाला २ मीटर होता. दाबातील फरक किती, हे मुलाने आम्हांला न विचारता स्वतःच काढले: १६.

यंदाच्या गड्ड्याला आजोबांनी पूर्ण प्रदक्षिणा घातली नाही, घरच्यांनी घालू दिली नाही. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यापासून थोडे अंतर ते काठ्यांच्या मागे चालले आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला मात्र पायी गेले. परतताना आमच्याकडे आले आणि म्हणाले, “त्या रेघा पुन्हा मारा.” घड्याळात साडेचार सेकंद झाले. धाप होती, पण बोलत बोलत ते टोकापर्यंत गेले, आणि तेथून वळून परतही आले.